गच्चीवरचं कढत पाणी

द्वारकाबाई बाळंतिणींना आणि त्यांच्या बाळांना न्हाऊ घालायच्या. आमच्या बिबवेवाडीत ज्या ज्या घरी पाळणा हलला, त्यांतल्या बऱ्याच घरांच्या दारात सकाळी सकाळी त्यांच्या चपला दिसत. उंचीनं बेताच्या, अंगानं काटक, पदर कमरेला घट्ट खोचलेला. न्हाणीघरात पाटावर बसून पाय लांब करायच्या, त्यांवर बाळाला पालथं घालायच्या आणि तेलाचा हात फिरवताना अशा काही गुणगुणायच्या की रडून लालबुंद झालेलं पोर हळूहळू शांत व्हायचं. माझ्या धाकट्या मुलीलाही त्यांनीच न्हाऊ घातलं. तेव्हापासून आमची ओळख. पुढचं बरंचसं मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे, उरलेलं त्यांनीच मला सांगितलेलं.

त्या मूळच्या वाशीमकडच्या. नवरा, उत्तरेश्वर, हडपसरच्या एका कारखान्यात लेथवर कामाला होता, म्हणून लग्नानंतर पुण्यात आल्या आणि बिबवेवाडीजवळच अप्परच्या वस्तीत एका खोलीत संसार मांडला. नव्वदनंतर जे वारं सुटलं त्यात काही कारखाने वाढले, काही बसले. उत्तरेश्वरांचा बसणाऱ्यांत निघाला. त्यांनी मग एका नव्या सोसायटीत सुरक्षारक्षकाची नोकरी धरली. पण ज्यांनी मशीनवर हात चालवलेत त्यांना दिवसभर गेटपाशी नुसतं बसणं फार जड जातं. ते घरात अबोल झाले. त्या दिवसांत शेजारच्या इंदुबाईंनी द्वारकाबाईंना आपल्याबरोबर कामाला नेलं आणि न्हाऊ घालायचं सगळं तंत्र शिकवलं. त्या कामावर घर उभं राहिलं, लेक अपेक्षा कॉलेजात गेली.

या कामात लोकांना दिसतं ते तेल लावणं, बेसन-साय चोळणं, ओवा-शेपांची धुरी देणं. खरे कष्ट असतात ते पाण्याचे. बाळंतिणीला पाणी कढत लागतं आणि भरपूर लागतं. फ्लॅटमधला छोटा गिझर एक बादली देऊन थंड पडायचा. मग गॅसवर मोठं पातेलं चढवायचं, उकळी आली की दोन फडक्यांनी धरायचं आणि स्वयंपाकघरातून हॉलमधून न्हाणीघरापर्यंत न्यायचं. एका अंघोळीत असे कितीतरी हेलपाटे. आणि हे अशा घरात, जिथं खाली गोधडीवर तान्हं निजलेलं असतं, मोठं भावंड पायांत येत असतं आणि फरशी ओली असते.

असंच एका घरी झालं. न्हाणीघराच्या उंबऱ्याशी द्वारकाबाईंचा पाय घसरला आणि पातेलं हातातून सुटलं. सगळं पाणी त्यांच्या डाव्या पायावर आलं आणि फरशीवरून वाहत दारापाशी बसलेल्या आजीच्या दिशेनं गेलं. आजीच्या मांडीवर बाळ होतं. तिनं त्याला झटकन वर उचललं. गोधडीची कड भिजली, बाळाला थेंबही लागला नाही. द्वारकाबाई खाली पडल्या पडल्या ओरडत होत्या, "बाळ पाहा! माय, आधी बाळ पाहा!" स्वतःच्या पायाचं त्यांना भानच नव्हतं.

पाय बरा व्हायला फार दिवस गेले. त्या घरच्यांनी त्यांना बोल लावला नाही, उलट दवाखान्यात नेलं, घरी येऊन विचारपूस केली. पण "बाईंच्या हातून पाणी सांडलं" ही गोष्ट वस्तीत फिरलीच. बोलावणी कमी झाली. आणि जी आली तीही द्वारकाबाईंनी परतवली. घरात अपेक्षा चहाचं आधण उतरवायला लागली तरी त्या उठून बाहेर जायच्या. चालताना त्यांना ओल्या फरशीवर वाहत जाणारं ते पाणी दिसायचं, आणि त्याच्यापुढं ती गोधडी. मग त्या घरी बसून एका मसालेवाल्यासाठी लसूण सोलायला लागल्या. हातांना दिवसभर तोच वास. "त्या वासानं कोणतं लेकरू माह्याजवळ येईन?" असं त्या मला एकदा बाजारात म्हणाल्या, आणि हसल्या, पण ते हसणं मला आवडलं नाही.

आता आमच्या इमारतीचं सांगते, कारण पुढचं सगळं तिथं घडलं.

आमची इमारत चार मजल्यांची. मी दुसऱ्या मजल्यावर. पहिल्या मजल्यावर मकबूलभाई, त्यांची आई मदिनाबी आणि बायको आयेशा. मकबूलभाईंचं भवानी पेठेत हार्डवेअरचं दुकान, आणि दुसरं कुणी तयार होत नाही म्हणून सोसायटीचे सेक्रेटरीही तेच. त्या वर्षी लोडशेडिंगनं सगळ्यांना पिडलं होतं. वीज जायची ती नेमकी सकाळी, अंघोळीच्या वेळेला. तेव्हा मकबूलभाईंनी पार्किंगमध्ये सगळ्यांना जमवून गच्चीवर सोलर बसवायची कल्पना मांडली. उन्हाकडं तोंड करून काळी पॅनेल ठेवायची, त्यांत पाणी तापतं, तापलेलं पाणी जाड आवरणाच्या टाकीत साठतं आणि नळानं प्रत्येक घरी उतरतं. ऊन नसेल त्या दिवसासाठी टाकीत विजेची कॉइलही असते.

चौथ्या मजल्यावरच्या मंदाकिनीबाई लगेच उभ्या राहिल्या. शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या, एकट्या राहणाऱ्या. त्यांच्या बोलण्याला सगळी इमारत टरकून असायची.

"मकबूलभाई, सूर्य सगळ्यांचा आणि टाकी फक्त माझ्या डोक्यावर. असं कसं?"

"टाकीचं वजन बीमवर येणार, बाई. स्लॅबवर नाही. इंजिनीअर बघून गेलेत."

"आणि गळली तर? मी छत्री उघडून झोपायचं का?"

"गळली तर आमच्याकडं झोपायला या. अम्मी रोज म्हणतेच, वरच्या बाई कधी येत नाहीत."

सगळे हसले. मंदाकिनीबाई हसल्या नाहीत, पण खाली बसल्या. बसताना म्हणाल्या, "बसवा. मात्र माझ्या कुरडया वाळवायची जागा सोडून."

सोलर बसलं. वरच्या मजल्यांना नळ सोडला की लगेच गरम पाणी यायचं. खाली मकबूलभाईंकडं आधी नळीतलं गार पाणी निघून जावं लागायचं, मग गरम. त्याची कुरकुर झाली आणि विरली. लोक सरावले.

थंडीच्या सुरुवातीला आयेशा बाळंत झाली. मुलगा झाला, अरफात. दिवस भरायच्या जरा आधीच आलेला, मुठीएवढा, हातापायांच्या काड्या. आयेशाला आई नव्हती आणि मदिनाबींचे गुडघे पार गेलेले. मकबूलभाईंच्या बहिणींच्या बाळंतपणात द्वारकाबाईच यायच्या, तेव्हा मदिनाबींच्या मनात दुसरं नाव आलंच नाही. त्या रिक्षा करून थेट अप्परला त्यांच्या खोलीवर गेल्या.

द्वारकाबाईंनी लसणाची परात बाजूला सारली, पाणी दिलं आणि मदिनाबींनी तोंड उघडायच्या आधीच म्हणाल्या, "दुसरी कोनी पाहा, मदिनाबी. मले आता नाही जमत."

"हातांना काय झालं तुझ्या?"

"हाताले काही नाही झालं. मनाले झालं. पातेलं उचलायचं म्हटलं का पाय लटलट कापतात."

"पातेलं उचलायचंच नाहीये. नळ सोडायचा."

"गिझरचं पानी? ते एका बालदीत संपते."

"गिझर नाही गं. गच्चीवर टाकी आहे मोठी. उन्हावर पाणी तापतं."

द्वारकाबाईंना वाटलं, म्हातारी आपल्याला नुसती चुचकारते आहे. "उन्हात ठेवलेलं पानी मीनंबी पाह्यलं हाय. कोमट होते. त्यानं बाळंतिणीची कंबर शेकते का?"

"मग येऊन बघ. नाही पटलं तर चहा पी आणि परत जा. तुझ्या पायाला काही मी कुलूप नाही लावणार."

उत्तरेश्वर कोपऱ्यात बसून ऐकत होते. ते फारसं बोलत नसत. त्या दिवशी म्हणाले, "जाऊन पाहा. मी येतो संगं पायऱ्यांपर्यंत."

दुसऱ्या दिवशी सकाळी जिन्यात मला दोघंही भेटली. उत्तरेश्वर खालीच थांबले. द्वारकाबाई वर आल्या. मी बँकेत जायला निघाले होते, पण कुतूहलानं त्यांच्यामागून मकबूलभाईंकडं शिरले. मदिनाबींनी न्हाणीघरात पाट, बादल्या, तेलाची वाटी सगळं मांडून ठेवलं होतं. द्वारकाबाईंनी नळ सोडला. आधी गारच पाणी आलं. मदिनाबी म्हणाल्या, "ते बादलीत धर, धुण्याला होईल." द्वारकाबाई धारेखाली बोट धरून उभ्या राहिल्या. चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं की चहा पिऊन परत जायचं ठरलेलं आहे. मग पाणी कोमट झालं. मग गरम. मग एकदम त्यांनी बोट मागं घेतलं, आणि पाठोपाठ वाफेनं खिडकीची काच पांढरी झाली.

त्यांनी नळ बंद केला. पुन्हा सोडला. पुन्हा बंद केला. पुन्हा सोडला, आणि माझ्याकडं वळून बघितलं, जसं काही हे मी केलंय.

"हे असंच येत राहते?"

"टाकीत आहे तोवर येत राहतं," मी म्हटलं.

त्या पाटावर बसल्या. बादलीत आधी गार पाणी घेतलं, त्यात कढत सोडलं, कोपर बुडवून पाहिलं, आणखी थोडं गार घातलं, पुन्हा कोपर बुडवलं. मग पाय लांब केले आणि म्हणाल्या, "आना त्याले."

अरफात आधी किंचाळला, मग तेल जिरता जिरता गप्प झाला. त्याला टॉवेलात गुंडाळून त्यांनी आजीकडं दिलं आणि आयेशाला आत बोलावलं. त्यानंतर कितीतरी वेळ आतून फक्त पाण्याचा आवाज येत होता. मला त्या दिवशी उशीर झाला, साहेब बोलले, आणि मला त्याचं काहीच वाटलं नाही. आयेशा बाहेर आली ती भिंतीला धरत, अर्धवट झोपेतच. द्वारकाबाईंचा पदर चिंब होता. त्या म्हणाल्या, "इतके वर्सं काम केलं, पन बाळंतिणीचं मन भरेपर्यंत पानी आज पह्यल्यांदा घातलं. नाहीतर अर्धं ध्यान त्या पातेल्यातच राहे."

त्या रोज येऊ लागल्या. लसूण सुटला.

मग डिसेंबरात अवेळी आभाळ भरून आलं. नुसतं मळभ, मधूनच भुरभुर पाऊस. पहिल्या दिवशी काही जाणवलं नाही. दुसऱ्या दिवशी पाणी जेमतेम गरम होतं. तिसऱ्या दिवशी सकाळी द्वारकाबाई आल्या तेव्हा वीजही गेलेली, म्हणजे टाकीतली कॉइलही बंद. मकबूलभाई मालाच्या खरेदीसाठी मुंबईला गेलेले. नळातून गार पाणी आलं, मग कोमट, आणि तिथंच थांबलं. वरच्या सगळ्या मजल्यांवर कामावर जायची घाई होती, जो तो नळ सोडून मोकळा झालेला.

"थांब, गॅसवर ठेवते," मदिनाबी म्हणाल्या. द्वारकाबाई न्हाणीघराच्या दाराशी भिंतीला पाठ लावून उभ्या होत्या. पाण्याला उकळी आली तसं मदिनाबींनी स्वतःच पातेलं उचललं, त्या दुखऱ्या गुडघ्यांवर लंगडत निघाल्या. त्याच वेळी आयेशा बाळाला घेऊन आतल्या खोलीतून बाहेर आली. अरुंद बोळ, दोघी समोरासमोर, मध्ये बाळ.

"थांबा!"

द्वारकाबाईंची ती आरोळी मला वर दुसऱ्या मजल्यावर ऐकू आली. मी धावत खाली गेले तर पातेलं जमिनीवर ठेवलेलं होतं, मदिनाबी घाबरून खुर्चीत बसलेल्या, आयेशा बाळाला घेऊन पार खिडकीपाशी गेलेली, आणि द्वारकाबाई दाराशीच मटकन खाली बसलेल्या. कुणाला काही झालं नव्हतं. पातेल्यातून वाफ निघत होती, बस्स.

दूध घेऊन वर निघालेल्या मंदाकिनीबाईही उघड्या दारातून आत आल्या. "काय झालं? कोण पडलं?"

मी थोडक्यात सांगितलं. टाकीतलं गरम पाणी संपत आलंय, बाळ न्हायचंय, आणि द्वारकाबाईंना पातेल्याची भीती का वाटते तेही. मंदाकिनीबाईंनी पातेल्याकडं पाहिलं, द्वारकाबाईंकडं पाहिलं. दुधाची पिशवी माझ्या हातात दिली आणि जिना चढायला लागल्या.

त्यांनी प्रत्येक दाराची बेल वाजवायला हात लावला, पण वीज नव्हती, म्हणून कड्या वाजवल्या. आवाज मात्र खालपर्यंत खणखणीत येत होता. "टाकीचं गरम पाणी बंद करा. पहिल्या मजल्यावर बाळ न्हायचंय. ज्यांना आजच चमकायचंय त्यांनी गॅस पेटवावा."

तिसऱ्या मजल्यावर संतोष नावाचा मुलगा भाड्यानं राहायचा. खराडीला कंपनीत होता, न्यायला गाडी यायची. तो दाराच्या फटीतून म्हणाला, "काकू, दोन मिनिटं! कॅब येतेय आणि अंगाला साबण आहे हो!"

"साबणाचा वास चांगला असतो. जा तसाच."

नळ बंद झाला. एक एक करून सगळेच बंद झाले. इमारत एकदम शांत वाटली. टाकीतलं गार पाणी खाली बसून गरम वर यावं म्हणून थोडा वेळ जाऊ दिला, मग मदिनाबींनी द्वारकाबाईंना हात देऊन उठवलं आणि दोघींनी मिळून नळ सोडला. टाकीत उरलेलं पाणी फार कढत नव्हतं, पण बाळासाठी गरम होतं, बेताबेतानं वापरलं तर आयेशालाही पुरणारं होतं. द्वारकाबाईंनी कोपर बुडवलं आणि मोठा श्वास सोडला. ती अंघोळ नेहमीपेक्षा लहान झाली. बाहेर मंदाकिनीबाई हॉलच्या खुर्चीत ताठ बसून होत्या.

अरफातला टॉवेलात बाहेर आणलं तेव्हा आयेशानं त्याला सरळ मंदाकिनीबाईंच्याच मांडीवर ठेवलं.

"मी फक्त नळाला पाणी येतंय का ते बघायला थांबले होते," त्या म्हणाल्या. पण बाळ त्यांनी बराच वेळ परत दिलं नाही. दूध माझ्या हातात तसंच राहिलं.

पुढच्या सभेत त्यांनीच ठराव मांडला. आभाळ असेल त्या दिवशी टाकीचं पहिलं पाणी तान्ह्या बाळाचं, मग आजाऱ्यांचं, मग बाकीच्यांचं. विरोध करायची कुणाची छाती नव्हती. मकबूलभाई हसू दाबत म्हणाले, "बाई, छताचं काय? गळतंय का?" त्यावर त्या म्हणाल्या, "गळत नाही, ही माझी अडचण आहे. तुमच्याकडं झोपायला यायला कारणच मिळत नाही." त्या दिवशी मात्र त्या स्वतःही हसल्या.

आकाश निवळलं, ऊन परत आलं, अरफात अंगानं भरला. त्याचे चाळीस दिवस झाले तेव्हा मदिनाबींनी द्वारकाबाईंना जरीकाठाची साडी नेसवली. बाळाच्या मांड्यांवर वळ्या पडायला लागल्या होत्या आणि जी कुणी बघायला येई तिला मदिनाबी सांगत, हे सगळं हिच्या हाताचं. वस्तीत आता ही गोष्ट फिरली. पुन्हा बोलावणी सुरू झाली. द्वारकाबाई दारातच विचारायच्या, "सोलर हाय का? असंन तर येतो मी." त्यांच्याकडं बायकाही असंच 'येतो' म्हणतात. नसेल तर हात जोडून परत फिरायच्या, आणि त्यात त्यांना लाज वाटत नसे. पातेल्याची भीती गेली का, असं मी एकदा विचारलं. त्या म्हणाल्या, "नाही गेली. राहू दे. तिले बसू दे एका कोपऱ्यात."

दोनेक वर्षांत अपेक्षाला खराडीच्या एका कंपनीत नोकरी लागली. तिकडं नव्या नव्या इमारती उठत होत्या आणि पुष्कळ ठिकाणी गच्चीवर सोलर. तिच्या ऑफिसातली नम्रता बाळंत झाली. सासर-माहेर दोन्ही लांब, आणि घरात न्हाऊ घालण्यातलं कुणालाच काही ठाऊक नाही. अपेक्षानं आईचं नाव सांगितलं. मग द्वारकाबाई स्वारगेटला बस बदलून खराडीला जायला लागल्या. पहिले काही दिवस उत्तरेश्वर त्यांना स्वारगेटपर्यंत सोडायला जायचे. येताना कुणाशी ना कुणाशी बोलत यायचे, हे अपेक्षानं मला सांगितलं. बाबा पुन्हा बोलायला लागले, म्हणाली.

एका सुट्टीच्या दिवशी अपेक्षाबरोबर मीही नम्रताकडं बाळ बघायला गेले. आठव्या मजल्यावर घर, सगळ्या खिडक्यांतून ऊन. आम्ही पोचलो तेव्हा न्हाणं उरकलं होतं. धुरीचा वास घरभर होता. नम्रता पलंगावर गाढ झोपली होती, केस ओले, तोंड किंचित उघडं. तिच्या नवऱ्यानं ओठांवर बोट ठेवून आम्हाला आत घेतलं.

"कितीतरी दिवसांनी झोपलीय," तो कुजबुजला. "फोन आला तर मी बाहेर जाऊन घेतो."

पलंगाच्या पायथ्याशी सतरंजीवर द्वारकाबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. मांडीवर बाळ, कपाळाला तीट लावलेलं. तेही झोपलेलं, आणि द्वारकाबाईही. मान एका बाजूला कललेली, एक हात बाळाच्या पाठीवर. पुढ्यात चहा ठेवलेला होता, त्यावर साय धरली होती.

अपेक्षा त्यांना उठवायला पुढं झाली. मी तिचा हात धरला. आम्ही दोघी पावलं न वाजवता बाल्कनीत जाऊन बसलो.